परमुलखात आपली पलटण

बांधावरून दोन भावांचं भांडण लागतं. एक म्हणतो, "बांध तू कोरलास." दुसरा म्हणतो, "तूच सरकवलास." शब्दानं शब्द वाढतो. घरातून कुऱ्हाडी बाहेर येतात. तेवढ्यात शेजारचा गडी धावतो आणि दोघांच्या मधे उभा राहतो. म्हणतो, "आधी हातातलं खाली ठेवा. मग काय ते बोला."

त्या गड्याचं त्या बांधाशी काही देणंघेणं नसतं. तरी एखादा घाव त्यालाच बसतो. डोकं बांधून तो घरी येतो, तेव्हा बायको विचारते, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मधे पडायला?"

हाच प्रश्न देशालाही पडतो. दूर कुठं तरी दोन देश भांडतात. नाही तर एकाच देशातले लोक एकमेकांच्या जिवावर उठतात. त्यांच्या मधे उभं राहायला आपल्या देशातून जवान जातात. ते शेतकऱ्यांची, मजुरांची पोरं असतात. त्यातला एखादा परत येत नाही. मग आई विचारते, "ना आपली सीमा, ना आपलं भांडण. माझं पोर तिथं का गेलं?"

त्या माउलीला उत्तर मिळालं पाहिजे. ते उत्तर आपण शोधू.

मधे उभी राहणारी सेना

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. त्यात कोट्यवधी माणसं मेली. पुन्हा असं होऊ नये म्हणून त्याच साली देशोदेशींनी मिळून एक संघ काढला. त्याचं नाव संयुक्त राष्ट्रसंघ. लोक त्याला 'युनो' म्हणतात. त्याची मुख्य कचेरी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात आहे. भारत पहिल्या सालापासून त्याचा सभासद आहे.

युनोजवळ स्वतःचं सैन्य नाही. कुठं शांतता राखायची असली, की युनो सभासद देशांकडे जवान मागते. गावात विहीर खोदायची तर कुणी वर्गणी देतो, कुणी अंगमेहनत करतो. इथंही तसंच आहे. श्रीमंत देश बहुतेक पैसा देतात. माणसं मात्र बहुतेक नेपाळ, बांगलादेश, रुवांडा, भारत, पाकिस्तान अशा देशांची असतात.

या सेनेला शांतिसेना म्हणतात. जवान आपापल्या देशाचा गणवेष घालतात, पण डोक्यावर निळी टोपी किंवा निळं शिरस्त्राण असतं. निळा रंग ही खूण. तिचा अर्थ असा, की 'आम्ही कुणाचे वैरी नाही.'

शांतिसेनेचे तीन नियम आहेत. पहिला, भांडणाऱ्यांची संमती असल्याशिवाय जायचं नाही. दुसरा, कुणाची बाजू घ्यायची नाही. तिसरा, स्वतःचा बचाव करायला आणि सोपवलेलं काम राखायलाच बंदूक चालवायची, एरवी नाही. ऐकायला नियम सोपे आहेत. पाळायला फार कठीण आहेत.

तेव्हाचं जाणं आणि आताचं जाणं

आपले लोक परमुलखात लढायला पहिल्यांदाच गेले असं नाही. सातारा, रत्नागिरी या जिल्ह्यांतल्या काही गावांत भिंतीत बसवलेला जुना दगड दिसतो. १९१४ च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, इतके मेले, असं त्यावर कोरलेलं असतं. तुम्हाला आता वाचता येतं. कधी असा दगड दिसला तर थांबून वाचा.

ते लोक इंग्रजांच्या हुकमानं गेले. जावं की न जावं, हे आपल्या देशाला कुणी विचारलं नाही. आता राज्य आपलं आहे. पाठवायचं की नाही, हे आपलंच सरकार ठरवतं. म्हणून त्या निर्णयाची जोखीमही आपल्यावरच आहे.

कोरियात काय घडलं

कोरिया नावाचा देश आहे. त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग पडले. त्यांच्यात १९५० साली लढाई जुंपली. एका बाजूला अमेरिका आणि दुसरे देश उतरले, दुसऱ्या बाजूला चीन उतरला. भारतानं लढायला सैन्य पाठवलं नाही. जखमींची सेवा करायला लष्करी डॉक्टरांचं पथक पाठवलं.

१९५३ साली लढाई थांबली. पण एक पेच उरला. कैद झालेल्यांपैकी सुमारे तेवीस हजार सैनिक म्हणू लागले, "आम्हाला आमच्या देशात परत जायचं नाही." त्यांना जबरीनं पाठवायचं की नाही? दोन्ही बाजूंना एकमेकांचा भरवसा नव्हता. तेव्हा या कैद्यांना सांभाळायचं काम भारताकडे आलं.

त्यासाठी जी भारतीय सेना गेली, तिचे प्रमुख होते मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. ते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. काम मोठं विचित्र होतं. दक्षिण कोरियाचं सरकार तर म्हणालं, "भारतीय शिपायानं आमच्या भुईवर पाय ठेवता कामा नये." मग आपल्या जवानांना बंदरापासून हेलिकॉप्टरमध्ये बसवून मधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन उतरवलं.

कैदी रागावलेले होते. एकदा त्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला छावणीत धरून ठेवलं. थोरात स्वतः आत गेले. त्यांच्याशी बोलले, त्यांना शांत केलं आणि आपल्या माणसाला सोडवून आणलं. बंदुकीचं काम त्या दिवशी जिभेनं केलं.

१९५४ च्या सुरुवातीला हे काम संपलं. बहुतेक कैदी आपल्या पसंतीच्या ठिकाणी गेले. ज्यांना कुठल्याच बाजूला जायचं नव्हतं, अशा ऐंशीहून जास्त जणांना भारतानं आपल्याबरोबर आणलं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशावर दोन्ही बाजूंनी कैदी सोपवले, ही लहान गोष्ट नव्हती.

पंच उठून गेले, की

१९५६ साली इजिप्त देशात सुएझ कालव्यावरून युद्ध पेटलं. इस्राएल, इंग्लंड आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला. जगानं त्यांना मागं हटायला लावलं. मग इजिप्त आणि इस्राएल यांच्या मधे उभी राहायला युनोनं आपली पहिली मोठी शांतिसेना पाठवली. दहा देशांचे जवान त्यात होते. भारताच्या अकरा पलटणी तिथं पाळीपाळीनं राहून आल्या.

दहा वर्षं ही सेना वाळवंटात पहारा करत होती. तेवढा काळ त्या सीमेवर मोठं युद्ध झालं नाही. पण मूळचं भांडण काही मिटलं नाही. १९६७ च्या मे महिन्यात इजिप्त म्हणालं, "आता तुम्ही जा." यजमानच जा म्हणाला, म्हणून सेना निघाली. सगळे जवान निघाले नव्हते, तोच ५ जूनला युद्ध सुरू झालं. माघारी यायला निघालेले काही भारतीय जवान त्यात मारले गेले.

यातून दोन गोष्टी कळतात. मधे उभं राहिल्यानं मारामारी थांबते, हे खरं. पण त्या वेळेत भांडणाऱ्यांनी बोलणं करून तंटा मिटवला नाही, तर पंच उठून जाताच कुऱ्हाडी पुन्हा निघतात.

काँगोमधलं रक्त

आफ्रिकेत काँगो नावाचा फार मोठा देश आहे. तिथं बेल्जियमचं राज्य होतं. ३० जून १९६० ला काँगो स्वतंत्र झाला. लगेच फाटाफूट सुरू झाली. तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत वेगळा होऊ लागला. त्याच्या मदतीला परदेशी भाडोत्री शिपाई होते. काँगोच्या सरकारनं युनोला हाक मारली.

भारतानं १९६१ साली तिथं मोठी फौज पाठवली. ५ डिसेंबर १९६१ ला एलिझाबेथव्हिल शहराजवळ शत्रूनं रस्ता अडवला होता. गुरखा पलटणीचे कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया थोड्याशा जवानांनिशी त्या मोठ्या टोळीवर तुटून पडले. रस्ता मोकळा झाला, पण सलारिया कामी आले. त्यांचं वय होतं सव्वीस. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शांतिसेनेत काम करताना हे पदक मिळवणारे ते एकटेच.

त्याच साली सप्टेंबरमध्ये युनोचे मुख्य अधिकारी दाग हॅमरशोल्ड याच कामासाठी जाताना विमान पडून वारले. अशी मोठी किंमत देऊन १९६३ साली कटांगाची फूट मिटली. काँगो एक राहिला.

पण पुढं काय झालं, हेही ऐका. काही वर्षांनी काँगो पुन्हा पेटला. १९९९ साली तिथं दुसरी शांतिसेना गेली. त्यातही भारताचे हजारो जवान राबले. वर्षामागून वर्षं गेली आणि लोक कंटाळले. म्हणू लागले, "तुम्ही असूनही आम्ही मरतो, मग तुम्ही हवे कशाला?" जुलै २०२२ मध्ये बुटेंबो गावी जमावानं युनोच्या तळावर हल्ला केला. सीमा सुरक्षा दलाचे दोन भारतीय जवान त्यात मारले गेले. ज्यांना वाचवायला गेलो, तेच अंगावर आले. हे दुःख वेगळं.

मग जाऊच नये का?

कुणी म्हणेल, "एवढं आहे तर घरी बसावं. आपल्या सीमा काय थोड्या आहेत?" हे बोलणं खोटं नाही. पण कुणीच गेलं नाही तर काय होतं, तेही पाहिलं पाहिजे.

आफ्रिकेत रुवांडा नावाचा छोटा देश आहे. १९९४ च्या एप्रिलमध्ये तिथं एका जमातीच्या लोकांची कत्तल सुरू झाली. त्या वेळी युनोची सुमारे अडीच हजारांची सेना तिथं होती. सुरुवातीलाच बेल्जियमचे दहा जवान मारले गेले. बेल्जियमनं आपली माणसं परत नेली. युनोच्या सुरक्षा समितीनं सेना वाढवायची सोडून ती २७० वर आणायचं ठरवलं. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला कोयत्यानं तोडलं. पाच हजार चांगले जवान मिळाले असते तर पुष्कळ जीव वाचले असते, असं त्या सेनेचे कॅनडातले सेनापती पुढं सांगत राहिले.

आता दुसरी बाजू बघा. दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये दंगे उसळले. अकोबो गावी जीव वाचवायला आलेल्या लोकांनी युनोच्या लहानशा तळात आसरा घेतला. शेकडो हत्यारबंद लोक चालून आले. पहाऱ्यावर भारतीय जवान होते. दोन जवान तिथं कामी आले. आसऱ्याला आलेल्या माणसाला बाहेर ढकलायचं नाही, ही शिकवण आपल्या घराघरात आहे. तीच त्या जवानांनी पाळली.

बंदूक न चालवताही काम होतं. लायबेरियात २००७ साली भारतानं स्त्रियांचीच एक पोलिस तुकडी पाठवली. शांतिसेनेत असं जगात पहिल्यांदाच झालं. आपल्या पोलिस बाया रात्री गस्त घालत. त्यांना पाहून तिथल्या मुली पोलिसात जाऊ लागल्या. ही तुकडी २०१६ साली परत आली.

एकदा हात पोळला, एकदा नाही म्हटलं

१९८७ साली भारतानं शेजारच्या श्रीलंकेत सैन्य पाठवलं. त्याचंही नाव शांतिसेनाच होतं. पण ते युनोचं काम नव्हतं. भारत आणि श्रीलंका यांच्या सरकारांत करार झाला होता. तिथल्या तमिळ वाघ नावाच्या बंडखोरांनी हत्यारं टाकावीत आणि आपल्या सेनेनं ती गोळा करावीत, असं ठरलं होतं. बंडखोरांनी काही हत्यारं दिली, बाकीची ठेवली. तीन महिन्यांत आपल्याच सेनेशी त्यांची लढाई जुंपली. पंच म्हणून गेलो आणि वादी होऊन बसलो. पुढं श्रीलंकेचं सरकारही परत जा म्हणू लागलं. मार्च १९९० मध्ये सेना परत आली. सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत.

पुढं २००३ साली अमेरिकेनं इराकवर स्वारी केली. युनोनं त्याला स्पष्ट संमती दिली नव्हती. स्वारीनंतर इराकमध्ये बंदोबस्ताला सैन्य पाठवा, असं अमेरिकेनं भारताला म्हटलं. देशात पुष्कळ चर्चा झाली. काही जण म्हणाले, "जावं, बड्या देशाची मैत्री होईल." काही म्हणाले, "दुसऱ्यानं पेटवलेल्या घरात आपण का शिरावं?" त्या वेळी अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान होते. १४ जुलै २००३ ला सरकारनं सांगितलं, "युनोचा स्पष्ट आदेश असेल तर विचार करू. एरवी सैन्य पाठवणार नाही." पुढं इराकमध्ये कित्येक वर्षं रक्त सांडलं. अमेरिकेचेच सुमारे साडेचार हजार सैनिक मेले. नाही म्हणायलाही धैर्य लागतं, ते असं.

लाभ आणि तोटा

भारताचे दोन लाखांहून कितीतरी जास्त जवान आजवर युनोच्या कामावर जाऊन आले आहेत. पावणेदोनशेहून जास्त जवानांनी त्यात प्राण दिले. इतकं बलिदान दुसऱ्या कुठल्याही देशाचं नाही.

बदल्यात काय मिळतं? जवानामागे युनो देशाला ठरावीक रक्कम देते. २०१८ साली ती महिन्याला १,४२८ डॉलर ठरली. ती सरकारला मिळते, आणि पुष्कळदा उशिरा मिळते. जवानांना अनुभव मिळतो. देशाच्या शब्दाला जगात वजन येतं. पण खरी मेख इथं आहे. सेना कुठं पाठवायची हे सुरक्षा समिती ठरवते. त्या समितीत अमेरिका, रशिया, चीन, इंग्लंड, फ्रान्स हे पाच देश कायमचे. त्यांतला एक जरी नाही म्हणाला तरी ठराव पडतो. रक्त देणाऱ्यांना तिथं कायमची जागा नाही. हा अन्याय आहे, आणि भारत तसं पुन्हा पुन्हा सांगत आला आहे.

आणखी एक गोष्ट लपवू नये. निळी टोपी घातली म्हणून माणूस देव होत नाही. हैती देशात २०१० साली शांतिसेनेच्या एका तळावरची घाण नदीत गेली. पटकी पसरली आणि हजारो माणसं दगावली. कुठं कुठं जवानांनी गरीब बायकांवर अत्याचार केल्याचे गुन्हेही उघडकीला आले. राखणदारच शेत खाऊ लागला तर तक्रार कुणाकडे करायची? म्हणून पाठवायची ती माणसं पारखून पाठवावीत आणि चुकणाऱ्याला शिक्षा व्हावी.

पाच प्रश्न

या सगळ्याचं सार काय? कधीच जाऊ नये, हे बरोबर नाही. हाक आली की धावावं, हेही बरोबर नाही. जाण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात.

१. बोलावतो कोण? सगळ्या जगाची पंचायत, की एखादा बडा देश?

२. भांडणाऱ्या दोघांनाही आपण मधे हवे आहोत का?

३. काम नेमकं काय? पहारा करायचा, माणसं वाचवायची, की कुणाशी लढायचं?

४. त्या कामाला पुरेशी माणसं, हत्यारं, औषधं आणि वाहनं मिळणार का?

५. काम संपलं हे कसं ओळखायचं? परत कधी यायचं?

कोरियात काम आणि त्याचा शेवट नेमका ठरलेला होता. काम तडीस गेलं. श्रीलंकेत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कच्चं होतं. तिथं हात पोळला. रुवांडात चौथा प्रश्न कुणी मनावर घेतला नाही. तिथं लाखो लोक मेले.

आपल्याकडे परदेशात सैन्य पाठवायचा निर्णय दिल्लीचं केंद्र सरकार घेतं. त्यासाठी लोकसभेत मतं घ्यावीच लागतात असं नाही. पण लोकसभेत सरकारला प्रश्न विचारता येतो. तो विचारणारा खासदार तुमच्या-आमच्या मतानं निवडून येतो. तो मत मागायला गावात आला, की रस्त्याचं विचारा, पाण्याचं विचारा, आणि हेही विचारा.

डोकं बांधून घरी आलेल्या त्या गड्यानं बायकोला काय सांगितलं असेल? "मी मधे पडलो नसतो, तर आज गावात एक मयत झालं असतं." असं उत्तर ज्या कामातून देता येईल, तिथं आपला जवान पाठवावा. असं उत्तर देता येणार नसेल, तर त्याला घरी ठेवावा. त्या माउलीचा तेवढा हक्क आहे.